मिटणे आणि संपवणे

मराठी माणूस घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. रात्री दुकानाच्या फळ्या लावणारा वाणी दुकान बंद करीत नाही, दुकान वाढवतो. आणि जुन्या घरांत देवापुढचा दिवासुद्धा कोणी विझवीत नसे, तो मालवीत किंवा वाढवीत. या शब्दयोजनेत अशुभाची भीती आहे हे खरे. परंतु तेवढेच नाही. एखादी गोष्ट काही काळ दृष्टीआड करणे निराळे आणि तिचा कायमचा शेवट करणे निराळे, हा विवेकही तीत आहे. वाढवलेले दुकान सकाळी जसेच्या तसे उघडते. पोती जागच्या जागी असतात, तराजू तेथेच टांगलेला असतो, आणि उधारीच्या वहीत आदल्या रात्री लिहिलेली शेवटची ओळ कोणी पुसलेली नसते.

संगणकाच्या पडद्यावरही दिवसभर काही ना काही मिटले जात असते. तेथे हा विवेक कितपत पाळला जातो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ज्याचे लिहिलेले काम एकदा तरी बुडाले आहे, त्याला मात्र तो तसा वाटणार नाही.

शाळेच्या संगणककक्षातील एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सातवीतील एक मुलगी सहलीचा वृत्तान्त लिहीत बसली आहे. संगणकावर मराठी लिहिण्याचा तिला फारसा सराव नाही. ‘ज्ञ’ कोणत्या कळांनी उमटतो आणि अर्धा ‘र’ कोठून आणावा, हे शोधण्यातच तिचा निम्मा वेळ जातो. तास संपेपर्यंत जेमतेम बारा ओळी होतात. पण त्या बारा ओळींत किल्ल्याची चढण आहे, वाटेत तुटलेली चप्पल आहे आणि गडावरच्या टाक्यातील थंडगार पाण्याचे दोन घोट आहेत. घंटा वाजते. पुढच्या वर्गाची मुले दारात गर्दी करतात. मुलगी लगबगीने खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर माऊसने टिचकी मारते, तोच पडद्यावर एक चौकट उभी राहते. तीत इंग्रजीत एक प्रश्न असतो आणि खाली तीन उत्तरे: बदल जतन करावेत, करू नयेत, की खिडकी मिटण्याचे रहित करावे? मागे उभा असलेला मुलगा ‘ऊठ ना लवकर’ म्हणून घाई करीत असतो. तिला एवढेच ठाऊक असते, की खिडकी मिटायची आहे. ती मधले बटण दाबते. खिडकी मिटते, आणि तिच्याबरोबर त्या बारा ओळीही जातात.

अशा वेळी मोठी माणसे सहसा म्हणतात, ‘प्रश्न नीट वाचायला नको होता का?’ हे म्हणणे न्यायाचे नाही. त्याच मुलीने घरी आईच्या मोबाइलवर किराणा सामानाची यादी लिहिली असती आणि ती अर्ध्यावर टाकून मोबाइल ठेवून दिला असता, तर दुसऱ्या दिवशी यादी जेथे सोडली तेथेच तिला सापडली असती. मोबाइलवर टिपणे लिहिण्याचे बहुतेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही न विचारता त्याचे लिहिणे सांभाळून ठेवतात. ज्या पिढीच्या हाती मोबाइल आधी आला आणि संगणक मागाहून आला, तिला फुलीमागे दडलेला खड्डा दिसावा तरी कसा? खड्डा तसाच राहू देऊन पडणाऱ्याला बोल लावणे, ही काही शहाणपणाची रीत नव्हे.

हा खड्डा कोणी दुष्टपणाने खणलेला नाही. तो गरिबीमुळे पडला, आणि ती गरिबी यंत्रांची होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो नावाचे शहर आहे. तेथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली ‘ऑल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्यावर काम करता करता तेथील संशोधकांनी एक कल्पना वाढीस लावली, की संगणकाचा पडदा म्हणजे लिहिण्याचे मेज मानावे, आणि मेजावर जसे कागद एकावर एक पसरलेले असतात तशा पडद्यावर चौकटी असाव्यात. त्या चौकटींना ‘खिडक्या’ हे नाव मिळाले. कागद आणि खिडकी या दोन उपमांचा मेळ नीटसा बसत नाही. मेजावर खिडक्या पसरलेल्या कोणी पाहिल्या आहेत? तथापि नाव रूढ झाले आणि टिकले.

हीच कल्पना घेऊन ॲपल कंपनीने १९८३ साली ‘लिसा’ नावाचा संगणक विक्रीस आणला. लिसाची रीत मोठी समंजस होती. तिच्या पडद्यावर कोऱ्या कागदांची गड्डी असे. तीतून एक कागद फाडून घ्यावा आणि लिहू लागावे. काम थांबवायचे झाले, तर कागद बाजूला सारण्याची एक आज्ञा होती, आणि जतन करून उचलून ठेवण्याची दुसरी. याहून विशेष म्हणजे, यंत्र बंद करण्याचे बटण दाबले तरी लिसा तडकाफडकी डोळे मिटत नसे. उघडे असलेले कागद ती प्रथम जपून ठेवी, मग स्वतः बंद होई; आणि पुन्हा सुरू केल्यावर मेज पूर्वी होते तसे मांडलेले दिसे. दुकान वाढवणे ते हेच! परंतु या समंजसपणाची किंमत जबर होती. लिसा ९,९९५ डॉलरांना मिळे. ती फारशी खपली नाही, आणि १९८५ साली तिचे उत्पादन थांबले.

मधल्या काळात, १९८४ च्या जानेवारीत, त्याच कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ आला. त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. स्वस्ताई साधायची म्हणजे कोठेतरी हात आखडणे आले. मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्रही याच्या कित्येक पट जागा अडवते. एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम चाले. लिहिलेले टिकवायचे ते ४०० किलोबाइटच्या एका पातळ चकतीवर, म्हणजे फ्लॉपीवर. आणि फ्लॉपीवर लिहिणे हे सावकाशीचे काम होते. प्रत्येक अक्षर उमटताच ते चकतीवर नोंदवण्याची त्या यंत्राची ऐपतच नव्हती. म्हणून लिहिणारा सांगेल तेव्हाच जतन करायचे, आणि न सांगता तो खिडकी मिटू लागला तर त्याला हटकून विचारायचे, असा रिवाज पडला. तो प्रश्न म्हणजे यंत्राने दिलेली आपल्या दुबळेपणाची कबुली होती. त्या काळी ती प्रामाणिक होती, असेच म्हणावे लागेल.

त्याच यंत्राने आणखी एक भेद रूढ केला. मॅकिंटॉशवर लेखनाची खिडकी मिटली, तरी लेखनाचा प्रोग्रॅम संपत नसे. त्याला निरोप देण्यासाठी ‘क्विट’ ही वेगळी आज्ञा होती. याचे कारण समजण्यासारखे आहे. आज्ञांची पट्टी, म्हणजे मेनू, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला कायम असे. एकही खिडकी उरली नाही तरी तेथून नवा कागद मागता येई. आणि एकदा संपवलेला प्रोग्रॅम फ्लॉपीवरून पुन्हा आणवायचा, तर बराच वेळ तिष्ठत बसावे लागे. पत्र लिहून संपले म्हणून लेखनिकाला कोणी घरी पाठवीत नाही. दुसरे पत्र असेल तर तो बसलेलाच बरा.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘विंडोज’ १९८५ साली आले आणि त्याने दुसरा मार्ग धरला. तेथे प्रत्येक खिडकीची मेनूची पट्टी त्या खिडकीतच असते. खिडकी गेली की पट्टीही गेली. मग प्रोग्रॅमला धरायला मूठच उरत नाही. तेव्हा शेवटच्या खिडकीबरोबर प्रोग्रॅमही संपावा, हे तेथे स्वाभाविक ठरले. आपापल्या घरी दोन्ही रीती बरोबर आहेत. अडचण होते ती या घरातून त्या घरात जाणाऱ्याची. विंडोजची सवय असलेला माणूस मॅकवर खिडक्या मिटतो आणि सारे आटोपले असे समजतो. प्रोग्रॅम मात्र पडद्यामागे तिष्ठत बसलेले असतात.

चिन्हांची जागा निवडण्यातही असाच निष्काळजीपणा घडलेला आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत खिडकी मिटण्याची खूण डाव्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर लागोपाठ दोन टिचक्या माराव्या लागत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’ ने उजव्या कोपऱ्यात फुली आणली, ती खिडकी मोठी करण्याच्या बटणाला जवळजवळ खेटून. मोठी करायला जावे आणि मिटून बसावे, असे तेव्हापासून किती जणांचे झाले असेल! औषधाची बाटली आणि विषाची बाटली शहाणा माणूस एका फळीवर ठेवीत नाही. मॅकच्या कळफलकावर तर याहून बिकट शेजार आहे. कमांडच्या कळीबरोबर ‘डब्ल्यू’ दाबले तर एक खिडकी मिटते, आणि ‘क्यू’ दाबले तर अवघा प्रोग्रॅम आपल्या सर्व खिडक्यांसह आटोपतो. आणि कळफलकावर या दोन कळा अगदी लागून आहेत. ही कुचंबणा ओळखून क्रोम या ब्राउझरने मॅकवर एक सोय ठेवली आहे: ती चालू केली, तर क्यूची कळ क्षणभर दाबून धरल्याखेरीज ब्राउझर संपत नाही. सोय चांगली आहे. पण ती करावी लागली, यातच शेजार चुकल्याची साक्ष आहे.

यावर कोणी म्हणेल, की मिटण्यापूर्वी प्रश्न विचारला म्हणजे झाले. हा उपाय मोठा विश्वासाचा वाटतो. प्रत्यक्षात तो फार अधू आहे. जो प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारला जातो, त्याचे उत्तर मनुष्य विचार करून देत नाही, त्याचे बोट देते. मॅकिंटॉशची योजना १९७९ साली प्रथम हाती घेणारे जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हेच पोटतिडकीने मांडले आहे. सवयीने दिलेला होकार हा होकार नव्हे. म्हणून यंत्राने पुनःपुन्हा विचारीत बसू नये, तर केलेले परत फिरवण्याची सोय ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह योग्य आहे. पाटीवर लिहिणारे मूल चुकले तर ओल्या बोटाने पुसते. प्रत्येक अक्षराआधी ‘खरेच लिहू का?’ असे पाटी त्याला विचारीत नाही. संगणकात तर पुसलेलेही परत आणता येते. जेथे ते येते, तेथे प्रश्नाची गरज उरत नाही. आणि जेथे येत नाही, तेथे प्रश्न पुरा पडत नाही.

शिवाय काही वेळा विचारायला सवडच मिळत नाही. खेड्यापाड्यांतील कित्येक शाळांना वीज जाण्याचा अनुभव नवा नाही. वीज जाताना कोणतीही चौकट दाखवीत नाही आणि तीन उत्तरे पुढे करीत नाही. तेव्हा आकस्मिक अंधारातही लिहिणे शाबूत राहील अशा बेताने जो प्रोग्रॅम रचलेला आहे, तोच भरवशाचा मानावा. आणि जो अंधारालाही डगमगत नाही, त्याला फुलीने डगमगण्याचे कारण काय?

तथापि सारे काही आपोआप जतन झाले म्हणजे कोणाची अडचण होणार नाही, असेही नाही. ॲपलने २०११ च्या जुलैत मॅकची ‘लायन’ नावाची आवृत्ती काढली. तीत प्रोग्रॅमने काम आपणहून जतन करावे आणि संपवलेला प्रोग्रॅम पुन्हा उघडल्यावर त्याच्या खिडक्या पूर्ववत् मांडल्या जाव्यात, अशी योजना होती. लिसाचा समंजसपणा जणू अठ्ठावीस वर्षांनी परत आला. पण लोक कुरकुरू लागले, आणि त्यांची कुरकुर अगदी अकारण नव्हती. गेल्या वर्षीचे निमंत्रणपत्र उघडावे, तारीख आणि स्थळ बदलावे आणि नव्या नावाने ठेवून द्यावे, ही लिहिणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. यंत्र आपणहून जतन करू लागले, की नवे पत्र जुन्यावरच लिहिले जाते. त्या आवृत्तीत नव्या नावाने ठेवण्याची परिचित आज्ञाही काढून टाकलेली होती. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, आलेल्या आवृत्तीत ती ऑप्शनच्या कळीआड का होईना परत आली. आणि मिटताना विचारावे की न विचारावे, हे ठरवण्याची मुभाही वापरणाऱ्याला मिळाली. जुन्या प्रती मागे राखून ठेवण्याची व्यवस्था लायनमध्ये होती. निमंत्रणपत्राचे जुने रूप शोधून काढता आले असते. परंतु ज्याला ते शोधायचे कोठे हेच सांगितलेले नाही, त्याच्या दृष्टीने ते हरवलेलेच असते.

दुसरी अडचण शाळेला अधिक जवळची आहे. जे यंत्र एकाचेच आहे, तेथे सकाळी सगळ्या खिडक्या जागच्या जागी दिसणे सुखाचे. पण एकाच नावाने दिवसभरात तीस मुले ज्यावर काम करतात, तेथे एकाची अर्धवट कविता दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उघडावी काय? कित्येक मुले पहिली कविता कोणालाच दाखवीत नाहीत. दुकान वाढवणारा वाणी माल जपतो, त्याबरोबर गल्ल्याला कुलूपही लावतो. मिटणे या शब्दात झाकणे येते, आणि ते झाकण लिहिणाऱ्याखेरीज इतर कोणासाठी उघडता कामा नये. ज्या यंत्रावर प्रत्येकाला वेगळे नाव आणि परवलीचा शब्द देता येत नाही, तेथे खिडक्या मिटलेल्या राहणेच बरे. काम मात्र मागे सुरक्षित असावे.

येथवर झाले ते न मागता संपणाऱ्या गोष्टींविषयी. मागूनही न संपणाऱ्या गोष्टींचा त्रास वेगळा आहे. काही प्रोग्रॅम असे असतात, की फुलीवर टिचकी मारली की खिडकी नाहीशी होते, पण ते स्वतः पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसे चिन्ह होऊन दबा धरून बसतात आणि यंत्राची स्मृती व शक्ती खात राहतात. यांतील सगळेच लबाड नसतात. गाणी ऐकवणारा प्रोग्रॅम खिडकी मिटल्यावरही गात राहिला, तर ऐकणाऱ्याला ते हवेच असते. निरोप आणून देणारा प्रोग्रॅम जागा राहिला नाही, तर निरोप मिळणार कसा? पण जो जागा राहणार, त्याने ते उघड सांगावे. मॅकवर चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या चिन्हाखाली एक ठिपका असतो. एवढीशी खूणसुद्धा पुरते. आणि ‘क्विट’ म्हटल्यावर तरी त्याने निमूटपणे उठावे. पाहुण्याने निरोप घेतल्यावर पडवीत बिछाना पसरू नये.

अलीकडे वारे पालटल्याची एक लहानशी खूण दिसते. ‘नोटपॅड’ हा विंडोजमधील अगदी साधा प्रोग्रॅम १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेला आहे, आणि जवळजवळ चार दशके तो मिटताना तोच जुना प्रश्न विचारीत होता. २०२३ साली विंडोज ११ वर त्याची रीत बदलली. आता त्यात काहीही लिहून अख्खी खिडकी मिटली, तर तो काही विचारीत नाही. पुन्हा उघडल्यावर न जतन केलेले लिहिणेही तेथेच असते. त्यातील एखादेच पान मिटू लागले, तर मात्र तो जतन करावे की टाकून द्यावे असे विचारतो. हा भेद बारकाईने केलेला आहे. सगळी खिडकी मिटणारा माणूस बहुधा उठून चाललेला असतो. एकच पान मिटणारा त्या पानाचा काही निकाल लावू पाहत असतो. उठून जाणाऱ्याला वाटेत अडवू नये, आणि निकाल लावणाऱ्याला एकवार विचारावे.

सहलीचा वृत्तान्त लिहिणाऱ्या त्या मुलीच्या कक्षातील यंत्रे जुनी आहेत. तेथपर्यंत ही रीत पोचायला अवकाश आहे. दुसऱ्या दिवशी ती तास सुरू होण्यापूर्वीच येऊन बसली. बारांपैकी नऊ ओळी तिला आठवल्या. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते: ‘दर दोन ओळींनंतर कंट्रोल आणि एस.’ त्याखाली रेघ मारून त्यांनी बाजूला सूचना लिहिली होती, की हे कोणी पुसू नये.